पंखा नसलेला लॅपटॉप आणि अमरावतीचा मे महिना

"मामा, लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरलाय बहुतेक."

मे महिन्यात अमरावतीहून भाचीचा फोन आला. ड्रोनने काढलेले शेतांचे फोटो एकमेकांना जोडून ती नकाशे बनवते. कधी गाडीत बसून, कधी बांधावर, तर कधी कुणाच्या ओसरीत. डिसेंबरात चाळीस मिनिटांत होणारा नकाशा आता तासाच्या वर जात होता. दुकानदाराने फॉरमॅट मारून दिलं, पैसे घेतले. नकाशाला तेवढाच वेळ लागत राहिला. लॅपटॉप कसला आहे विचारलं, तर एक किलोच्या आसपासचा, पातळ, पंखा नसलेला. व्हायरस नव्हताच. बाहेर ४२ अंश होते, आणि प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

प्रोसेसरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपमध्ये, अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे बारीक स्विच, असतात. प्रत्येक स्विचमागे एक इवलीशी घागर आहे असं समजा. भरली की 'एक', रिकामी केली की 'शून्य'. या भरण्या-ओतण्यात खर्ची पडलेली वीज शेवटी उष्णताच होते. अशा घागरीला कपॅसिटर म्हणतात, आणि तिच्या मापाला धारिता. तिच्यातली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे आपण बारावीत घोकलेलं आहे. सेकंदाला किती वेळा भरतो (वारंवारिता), त्याने तिला गुणा:

वॅट ∝ धारिता × व्होल्टेज² × वारंवारिता

खरी गंमत पुढे आहे. घागर लवकर भरायची तर नळाला दाब जास्त हवा. तसंच चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. दोन्ही साधारण बरोबरीने चढले, तर उष्णता वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढला की उष्णता ३३ टक्क्यांनी. आणि उलट्या बाजूने वेग फक्त २० टक्के कमी केला तर ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१. म्हणजे उष्णता जवळजवळ निम्मी! पातळ लॅपटॉप चालतात ते या घनाच्या जोरावर. हे गणित मला इतकं आवडतं की भाचीला फोनवरच सांगायला लागलो. ती म्हणाली, "मामा, रेंज जातेय."

१९७४ मध्ये आयबीएमचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटवलं, तर चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं ही युक्ती चालली. २००५ च्या सुमारास ती अडली, कारण व्होल्टेज फार खाली नेलं की बंद ट्रान्झिस्टरमधूनही करंट गळायला लागतो. ही गळती तापमानाबरोबर वाढते, त्यामुळे वरचं घनाचं गणितही थोडं बिघडतं. त्यात आता शिरत नाही.

आता उष्णता बाहेर कशी जाते ते बघू. पंखा नसला की सगळी भिस्त पत्र्यावर. १३ इंची लॅपटॉपची एक बाजू साधारण ०.०६ चौरस मीटर भरते. शांत हवेत दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला सुमारे १० वॅट निघून जातात. पत्रा ४५ अंशांच्या पुढे गेला तर मांडीवर धरवत नाही, म्हणून तीच मर्यादा मानू. खोली २५ अंशांवर असेल तर फरक २० अंशांचा, म्हणजे एका बाजूने १२ वॅट. खोली ४० अंशांवर असेल तर फरक पाचाचा, फक्त ३ वॅट. चौथाई! घनमूळ काढलं की वेग उरतो ६३ टक्के. चाळीस मिनिटांचं काम तासावर जातं, ते असं.

पंखा असला की हिशोब बदलतो. चिपवरून एक चपटी तांब्याची नळी निघते. तिच्यात कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. चिपपाशी त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती पंख्यासमोरच्या पातळ पट्ट्यांपाशी थंड होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी परत येतं. त्या पट्ट्यांना कुणी हात लावत नाही, त्यामुळे त्या ७० अंशांवर गेल्या तरी चालतं. मग २५ अंशांच्या खोलीत फरक ४५ चा, ४० अंशांच्या खोलीत ३० चा. नुकसान तिसरा हिस्सा, तीन-चतुर्थांश नाही.

२०२० च्या शेवटी आलेल्या ॲपलच्या एम-१ मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. लेखन, मेल, ब्राउझर यांसाठी तो झकास चालतो, कारण ही कामं चिपला क्षणभर पळवतात आणि मग आराम देतात. भाचीचं काम सलग. म्हणून प्रोसेसरच्या नावाआधी बघा, वीस मिनिटं सलग ताण दिल्यावर वेग किती उरतो. दुकानातल्या पाच मिनिटांवर जाऊ नका, तिथे एसी असतो.

भाचीच्या लॅपटॉपच्या पोटावर एक सोनेरी स्टिकर निघाला. 'रेडिएशन शोषतो' म्हणे. शेणाची चिप मोबाइलचं रेडिएशन कमी करते, असा दावा २०२० मध्ये आपल्याकडे जाहीरपणे झाला होता, तेव्हा स्टिकरचं काय नवल! स्टिकर काढायला लावला आणि लॅपटॉप दोन पालथ्या वाट्यांवर ठेवायला सांगितला. खालून हवा खेळू लागली, पत्रा थोडा निवला.

बॅटरीचं थोडक्यात. एमएएच (मिलीअँपिअर-तास) विसरा, वॅट-तास बघा, म्हणजे किती वॅट किती तास पुरतील ते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली की ७४ वॅट-तास होते, आणि लॅपटॉपपर्यंत त्याहून कमीच पोचतं. ५० वॅट-तासांची बॅटरी ६ वॅटच्या लेखनाला आठ तास पुरते, २५ वॅटच्या नकाशाला दोन. विमानात १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. आणि वजन चार्जरसकट मोजा, जाहिरातीत तो नसतो.

तिने शेवटी छोट्या पंख्याचा, सव्वा किलोचा घेतला. नकाशा चढवला की तो भणभणतो. परवा आतून ताईचा आवाज आला, "अगं, मिक्सर कोण लावलाय यावेळी?"