शिक्षकांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी (कोकण)

शिक्षकाने विद्यार्थ्यांशी, सहकाऱ्यांशी किंवा नोकरीच्या कामात केलेल्या गैरवर्तनाची तक्रार घेऊन तिची शहानिशा करण्याची आणि दोष सिद्ध झाल्यास शिक्षा देण्याची कायदेशीर प्रक्रिया. वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिल आहे. महाराष्ट्रात शिक्षकांसाठी असे मंडळ नाही. १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद अध्यापक विद्यालयांना मान्यता देते आणि शिक्षकाची किमान पात्रता ठरवते. एखाद्या शिक्षकावरच्या तक्रारीची सुनावणी ती घेत नाही. म्हणून कोकणात तक्रार कुठे जाणार हे शिक्षकाला कोणी नेमले आहे यावरून ठरते : जिल्हा परिषद की खासगी संस्था.

जिल्हा परिषद शाळा. वाडीवरच्या शाळेत बहुतेकदा दोनच शिक्षक असतात आणि त्यांतलाच एक मुख्याध्यापक असतो. पालकाची पहिली तक्रार त्याच्याकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडे जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथून केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याचे प्राथमिक शिक्षणाधिकारी अशी पायरीपायरीने ती वर चढते. शिक्षेचा अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा असतो. म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला बसणाऱ्या सीईओंचा. प्राथमिक चौकशीत तथ्य आढळले तर कारणे दाखवा नोटीस निघते आणि गंभीर प्रकरणात दोषारोपपत्र देऊन विभागीय चौकशी लागते. त्यात चौकशी अधिकारी आणि प्रशासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी असतो, आणि शिक्षकाला बचावाची संधी मिळते. आधार १९६४ च्या जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियमांचा. ठपका, वेतनवाढ रोखणे, नुकसानीची वसुली, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढणे आणि बडतर्फी अशा चढत्या शिक्षा त्यांत आहेत. सीईओंच्या आदेशाविरुद्धचे अपील बेलापूरच्या कोकण भवनात, विभागीय आयुक्तांपुढे जाते.

या शिक्षांच्या यादीत बदली नाही. गावात मात्र तक्रारीचा शेवट बहुधा बदलीतच शोधला जातो. कोकणात गावकीचे वजन मोठे. देवळाच्या सभामंडपात बैठक बसते, मानकरी आणि मुंबईकर मंडळी बोलतात, गुरुजींना दुसरीकडे पाठवा म्हणजे झाले, असे ठरते आणि कागदावर काहीच उरत नाही. गुरुजी या शब्दाला इथे मान आहे, घाटावरून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या शिक्षकाला वाडी घरातला मानते. त्यामुळे लेखी अर्ज करायला पालकाचा हात धजत नाही. पण बदलीने प्रश्न फक्त पुढच्या वाडीतल्या मुलांकडे सरकतो. त्या वाडीतल्या पालकांना आधीचे काहीच माहीत नसते.

याची दुसरी बाजूही खरी आहे. पोषण आहाराचे काम कोणत्या बचत गटाला मिळाले, ग्रामपंचायतीत कोण हरले, अशा वादांतून शिक्षकावर अर्ज पडतात. निनावी अर्ज सहसा चौकशीविना दप्तरी दाखल होतात. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे ऐकून घेणे, साक्षीदारांची उलटतपासणी करू देणे आणि आदेश कारणांसह देणे हे नैसर्गिक न्यायाचे किमान नियम आहेत. ते टाळून झालेली बडतर्फी अपिलात टिकत नाही आणि खऱ्या तक्रारीचेही नुकसान होते.

खासगी शाळा. कोकणातल्या अनेक माध्यमिक शाळा गावकऱ्यांनी किंवा मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी उभ्या केलेल्या संस्थांच्या आहेत. त्यांना १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन कायदा आणि १९८१ ची नियमावली लागू होते. शिक्षा संस्थाच करते; शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता निलंबनासाठी लागते. गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कर्तव्यात जाणूनबुजून व सातत्याने केलेली हयगय आणि अकार्यक्षमता ही सेवा संपवण्याची कारणे नियमात दिलेली आहेत. चौकशी तीन जणांची समिती करते : एक संस्थेचा, एक शिक्षकाने स्वतः निवडलेला कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून घेतलेला. व्यवसायातल्याच माणसाने व्यवसायबंधूचा न्याय करावा ही कल्पना आपल्या कायद्यात सर्वांत ठळकपणे दिसते ती इथेच. चौकशी १२० दिवसांत संपवायची असते आणि निलंबन चार महिन्यांहून अधिक चालू नये असा नियम आहे. कार्यकारिणी मुंबईत, शाळा राजापूर किंवा गुहागरच्या आतल्या गावात, आणि बैठका मे महिन्यात किंवा गणपतीत मंडळी गावी आली की, अशा संस्थांना ही मुदत अवघड जाते. मुदत चुकली तर फायदा आरोपी शिक्षकाला मिळतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात समितीची तारीख ठरवणे संस्थेच्या हिताचे असते.

संस्थेच्या आदेशाविरुद्ध शिक्षकाला आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. न्यायाधिकरणावर न्यायिक अधिकारी असतो. तो शिक्षकाला मागील पगारासह परत रुजू करून घ्यायला सांगू शकतो, शिक्षा कमी करू शकतो किंवा भरपाई देववू शकतो. त्यानंतर उरते ते उच्च न्यायालय. प्रशासकीय नकाशाही इथे गोंधळात टाकतो. महसुलाच्या दृष्टीने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोकण विभागात येतात, शिक्षण उपसंचालक मात्र त्यांना घाट चढून कोल्हापूरचे, रायगडला मुंबईचे.

मुलांवरील अत्याचार. लैंगिक अत्याचार असेल तर इथे वरच्या पायऱ्यांची वाट पाहायची नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. छडी मारणाऱ्या शिक्षकावर त्याच्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. शाळेतल्या कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा हा कायदा अधिक गंभीर मानतो. असा गुन्हा झाल्याचे कळले, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी आमची चौकशी होऊ द्या, असे म्हणायला मुख्याध्यापकाला जागा नाही. आणि ते योग्यच आहे. मुलीला पुनःपुन्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून तेच विचारले की तिला त्रास होतो आणि तिचा जबाबही डळमळतो. कायद्यानुसार तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. तिची ओळख कुठेही उघड करायची नसते. वाडीत ते सांभाळणे फार कठीण. शाळेचे नाव छापून आले की मूल कोण हे सगळ्यांना कळते. मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

फौजदारी खटला आणि विभागीय चौकशी एकाच वेळी चालू शकतात. खटल्यात गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो, चौकशीत शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहिले जाते. त्यामुळे कोर्टातून निर्दोष सुटलेला शिक्षक चौकशीतूनही आपोआप सुटत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोकण विभागातल्याच ठाणे जिल्ह्यात, बदलापूरच्या एका शाळेत सफाई कर्मचाऱ्याने लहान मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप झाला आणि संतप्त लोकांनी रेल्वे रोखली. त्यानंतरच्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांवर जोर दिला आणि अनुचित घटना २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी शाळेवर टाकली. दोन शिक्षकी शाळेत पेटीची किल्ली कोणाकडे ठेवायची हा अगदी साधा, पण पालकांनी समितीच्या बैठकीत विचारलाच पाहिजे असा प्रश्न आहे.

नोंदवहीचा अभाव. स्कॉटलंडमध्ये १९६५ पासून शिक्षकांची स्वतंत्र परिषद आहे. तिच्या नोंदवहीत नाव नसेल तर तिथल्या सरकारी शाळेत शिकवता येत नाही आणि गंभीर दोष ठरला की नाव वगळले जाते. इंग्लंडमध्ये २०१८ पासून शिक्षक नियमन संस्था फक्त गंभीर प्रकरणे घेते. तिच्या पॅनेलवर शिक्षकांबरोबर शिक्षण क्षेत्राबाहेरचेही लोक बसतात आणि मंत्र्यांच्या वतीने अध्यापनबंदीचा आदेश निघू शकतो. असा आदेश त्या माणसाबरोबर प्रत्येक शाळेच्या दारापर्यंत जातो. आपल्याकडे शालार्थ प्रणाली पगार काढते आणि यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात शिक्षकांची माहिती भरली जाते, पण दोघींपैकी कोणतीही अध्यापनाचा परवाना देत नाही की काढून घेत नाही. बडतर्फीची नोंद सेवापुस्तकात होते आणि सेवापुस्तक जुन्या कार्यालयाच्या कपाटात राहते. ते मागून घेऊन पाहायचे की नाही, हे नव्या विनाअनुदानित शाळेच्या मुलाखत घेणाऱ्यांवर सोपवलेले आहे.