निकालाधारित शिक्षक-वेतन

शिक्षकाच्या पगाराचा काही भाग, किंवा पगारावरचा बोनस, त्याच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील कामगिरीवर ठरवण्याची पद्धत. सरकारी शाळांत पगार सहसा सेवेची वर्षे आणि पदवी पाहून वाढतो; मुले काय शिकली याचा त्याच्याशी संबंध नसतो. ही गाठ मारण्याचे प्रयत्न दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत.

पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमधला. ब्रिटिश मंत्री रॉबर्ट लो यांच्या 1862च्या सुधारित संहितेने (शाळांच्या अनुदानाच्या नियमावलीने) शाळेचे अनुदान हजेरीवर आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांच्या परीक्षेवर ठेवले. इन्स्पेक्टर येऊन एकेका मुलाला तपासे आणि मूल ज्या विषयात नापास होई, त्याचे पैसे कापले जात. अनेक शिक्षकांचा पगार या अनुदानातूनच निघत असल्याने मुलांकडून ठरलेले उतारे पाठ करून घेण्याला ऊत आला आणि तीन विषयांपलीकडचे शिकवणे मागे पडले. शतक संपण्याआधीच ही पद्धत मोडीत निघाली.

तिचा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. 1882 साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी गरीब, शिक्षणाची गोडी न लागलेल्या समाजासाठी निकालावर पैसे देण्याची रीत उपयोगाची नाही, असे स्पष्ट सांगितले. अशा वस्तीत शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, हे त्यांचे कारण. या पद्धतीवरचा हा आक्षेप आजही सर्वांत कमी चर्चिला जातो: जिथे मुले मुळात मागे आहेत, तिथे जाणाऱ्या शिक्षकालाच तोटा होतो. म्हणूनच अलीकडच्या योजना मुलाचे गुण न मोजता वर्षभरात झालेली वाढ मोजू पाहतात.

वाढ मोजणारा, नीट आखलेला प्रयोग भारतातच झाला. अविभाजित आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत 2005पासून अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तो केला. प्रत्यक्ष काम अझीम प्रेमजी फाउंडेशनने पाहिले. सोडत काढून 100 शाळांत प्रत्येक शिक्षकाला स्वतंत्र बोनस आणि 100 शाळांत सर्वांना मिळून बोनस ठेवला. आणखी 100 शाळा तुलनेसाठी होत्या. मुलांच्या सरासरी गुणांत 5 टक्क्यांहून जास्त वाढ झाली, की पुढच्या प्रत्येक टक्क्याला 500 रुपये. रक्कम फार नव्हती: सरासरीने वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास. तरी दोन वर्षांनी गणितात 0.27 आणि भाषेत 0.17 प्रमाण विचलनाची (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याच्या मापाची) वाढ दिसली. गणितापुरते सांगायचे, तर शंभर मुलांत बरोबर मधे असलेले मूल सुमारे दहा जणांना मागे टाकते. ज्यांवर बोनस नव्हता त्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांतही मुले पुढे गेली. गंमत म्हणजे शिक्षकांची गैरहजेरी घटली नाही. फरक पडला तो शाळेत आल्यावरच्या कामात. गृहपाठ, जादा तास, सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि कच्च्या मुलांकडे लक्ष, असे शिक्षकांनीच सांगितले.

अमेरिकेतला अनुभव वेगळा. नॅशव्हिल येथे 2006 ते 2009 या काळात गणिताच्या माध्यमिक शिक्षकांना 15 हजार डॉलरपर्यंत बोनस देऊ केला, पण मुलांच्या गुणांत एकूण लक्षणीय फरक पडला नाही. न्यूयॉर्क शहराने 2007मध्ये सुरू केलेली शाळानिहाय बोनस योजना 2011 साली गुंडाळली. अटलांटात गुणांच्या दडपणाखाली शिक्षकांनीच उत्तरपत्रिकांतील चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली. 2011च्या राज्य चौकशी अहवालात 44 शाळांतील 178 जणांची नावे आली. रक्कम वाढवली की परिणामही वाढतो, असे या अनुभवांवरून म्हणता येत नाही. आंध्रात परीक्षा बाहेरच्यांनी घेतली होती, ही बाब तिथल्या यशात मोठी मानावी लागते.

महाराष्ट्रात शिक्षकांना वरिष्ठ वेतनश्रेणी 12 वर्षांनी आणि निवड श्रेणी 24 वर्षांनी मिळते. 2017 साली शासनाने या श्रेणींसाठी शाळा ‘प्रगत’ असण्याची आणि शाळांच्या मूल्यांकनाच्या ‘शाळासिद्धी’ कार्यक्रमात ‘अ’ श्रेणीची अट घातली, तेव्हा शिक्षक संघटनांनी तिला जोरदार विरोध केला. शाळेची श्रेणी इमारत, स्वच्छतागृहे आणि पाण्यावरही ठरते, आणि ते शिक्षकाच्या हातात नसते.