आपत्कालीन हवाई वाहतूक (मराठवाडा)

पूर, भूकंप, अपघात किंवा गंभीर आजारपणात रस्त्याने वेळेत पोचणे शक्य नसते तेव्हा माणसे, औषधे, अन्न किंवा प्रत्यारोपणासाठीचे अवयव हेलिकॉप्टर वा विमानाने हलवण्याची व्यवस्था. मराठवाड्याची ओळख दुष्काळी, त्यामुळे इथे हिचे फारसे काम नाही असा समज आहे. तो चुकीचा आहे. सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना या नद्यांवरची धरणे भरत आलेली असतात. त्यात अतिवृष्टी झाली की दरवाजे उघडावे लागतात आणि शेतातल्या वस्त्या, आखाडे (शेतावरची घरे-गोठे) काही तासांत पाण्याने वेढले जातात. धाराशिव जिल्ह्यात २०२१ च्या सप्टेंबरात कळंब तालुक्यात आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंडा तालुक्यात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले.

पहिला प्रयत्न बोटीचाच असतो. ओढ जास्त असेल, पाण्याखाली झाडे, विजेच्या तारा असतील तर बोट घालता येत नाही. मग तहसीलदारांकडून जिल्हाधिकारी, तिथून मंत्रालयातील आपत्कालीन कक्ष आणि पुढे लष्कर किंवा हवाई दल अशी मागणी जाते. हेलिकॉप्टर बहुधा नाशिक वा पुण्याकडून येते. वाटेत ढग खाली असले तर थांबावे लागते, आणि अंधारात तारांच्या जाळ्यावर दोर सोडणे फार जोखमीचे. म्हणून मागणीचा निर्णय सकाळीच व्हायला हवा. दुपार टळली की गच्चीवरच्या माणसांची रात्र पाण्यात जाते.

काळ्या मातीत पावसानंतर हेलिकॉप्टरची चाके रुततात, त्यामुळे बऱ्याचदा ते हवेतच तरंगत ठेवून दोराने माणूस वर घेतात. आधी जवान खाली उतरतो, पट्टा काखेखालून अडकवतो, मग खूण करतो. हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, त्यामुळे दोराच्या टोकाचा आकडा (हुक) आधी जमिनीला टेकू द्यावा लागतो. घाईने हात घातला तर झटका बसतो. आपल्याकडे पत्र्यांवर दगड ठेवलेले असतात. पंख्याच्या वाऱ्याने पत्रा उडाला तर खालच्यांच्या आणि हेलिकॉप्टरच्याही जिवावर बेतू शकते, म्हणून शक्यतो सिमेंटची गच्ची किंवा मोकळा बांध गाठावा.

हवाई मदतीला वजनाची मर्यादा आहे. एमआय-१७ सारखे हेलिकॉप्टर सुमारे ४ टन वाहते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या पहिल्या रेल्वेत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. तेवढ्यासाठी शंभरावर फेऱ्या झाल्या असत्या. हवेतून न्यायच्या वस्तू म्हणजे औषधे, सर्पदंशावरचे प्रतिविष, शिजवलेले अन्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींखालून माणसे काढण्याचे कामही जमिनीवरच्या हातांनीच झाले.

रुग्णांसाठी छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा आणि नांदेड येथील विमानतळ उपयोगी पडतात. उंचीवर हवेचा दाब कमी होऊन शरीरात कोंडलेली हवा फुगते, म्हणून छातीत हवा साठलेल्या रुग्णाला उड्डाणाआधी नळी घालून ती काढावी लागते. अवयवांचे गणित घड्याळाचे आहे. हृदय साधारण ४ तासांत बसवावे लागते, आणि छत्रपती संभाजीनगरहून मुंबई रस्त्याने त्याहून लांब पडते. त्यामुळे रुग्णालयापासून चिकलठाण्यापर्यंत पोलीस रस्ता मोकळा ठेवतात आणि पुढचा प्रवास विमानाने होतो. मूत्रपिंड बर्फात जवळपास दिवसभर टिकते, ते रुग्णवाहिकेने गेले तरी चालते.