४४६ बाइटांचा बल्कांव

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशा एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम नांदत नाहीत, मशीन 'स्लो' होतं, हे माझ्या म्हापशातल्या छापखानेवाल्या मित्राला कुणीतरी पटवून दिलं होतं. त्याच्या जुन्या मशीनवर विंडोज एक्सपी आहे, कारण जत्रेतल्या नाटकांची हॅण्डबिलं तो अजून पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला. विंडोज १० वर जायचं त्याचं ठरेपर्यंत १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला आणि तिचाही संपला. मी म्हटलं, एक्सपी राहू दे, शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकू. "भांडणार नाहीत ना?"

भांडायला दोघं एका वेळी जागे हवेत. ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एका मशीनवर दोन सिस्टिम ठेवल्या तरी, एका वेळी एकच चालते. दुसरी तेव्हा म्हणजे डिस्कवर पडलेल्या नुसत्या फायली. मशीन 'स्लो' होत नाही, जागा तेवढी जाते. झटापट होते ती एका इवल्याशा जागेवरून, आणि माझा जीव त्या जागेवरच आहे.

असं जुनं मशीन चालू झालं की आधी जागं होतं ते बायोस, मदरबोर्डवरचा प्रोग्राम. त्याला ना विंडोज कळतं ना लिनक्स. ते डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलून मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवतं आणि त्याच्या हाती कारभार देतं. त्यातले ६४ बाइट चार पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याचे. शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण: ०१०१०१०१ १०१०१०१०. प्रोग्रामला उरतात फार तर ४४६. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे इथं दीडशे चिन्हंही मावत नाहीत!

हा आपल्या गोव्यातल्या जुन्या घराचा बल्कांव, दारापुढचा बसायचा ओटा, समजा. इथं मात्र एकालाच बसता येतं, आणि आत कुणाला सोडायचं ते तोच ठरवतो. एक्सपीनं बसवलेला रखवालदार तक्त्यात 'अ‍ॅक्टिव्ह' खूण असलेलं पार्टिशन बघतो आणि थेट तिकडे बोट दाखवतो. लिनक्स त्याच्या गावीही नसतं. लिनक्सचा रखवालदार ग्रब मात्र दोघांना ओळखतो, आणि कुणाला उठवायचं ते मेन्यू दाखवून विचारतो. म्हणून जुनी सिस्टिम आधी, नवी नंतर. उलट केलं तर एक्सपी ते ४४६ बाइट पुसून आपला माणूस बसवते, आणि लोक म्हणतात लिनक्स उडालं. उडत काही नाही, दार तेवढं बंद होतं. ग्रब पुन्हा बसवला की झालं.

पण मेन्यू दाखवणारा ग्रब ४४६ बाइटांत मावतो कसा? मावत नाहीच. तिथं त्याचा फक्त पहिला तुकडा. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, त्यामुळे मधले ६२ सेक्टर रिकामे राहतात. ग्रबचा गाभा तिथं बसतो. ६२ गुणिले ५१२ किती? ३१,७४४! वरचाच आकडा. तो पत्ता ३२ केबीतून १ केबी (१,०२४ बाइट) वजा करून आलेला, आणि ६२ सेक्टर म्हणजेही ६४ सेक्टरांतून, म्हणजे ३२ केबीतून, दोन वजा. अंकशास्त्रवाल्यांनी कृपया पुढं सरकावं.

तुम्ही एक्सपी निवडलीत की ग्रब तिच्या पार्टिशनचा पहिला सेक्टर त्याच ३१,७४४ वर ठेवतो आणि बाजूला होतो. एक्सपीला वाटतं, बायोसनंच उठवलं.

आठवड्यानं मित्राचा फोन. घड्याळ कधी साडेपाच तास पुढं, कधी मागं. मॉनिटरला लिंबू-मिरची लटकवून झाली होती. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स सहसा ग्रिनिचची मानतं. दोघं एकमेकांची वेळ दुरुस्त करत बसले होते. लिनक्सला स्थानिक वेळ धरायची आज्ञा दिली आणि भूत गेलं.

आता मेल तो लिनक्समध्ये उघडतो. एक्सपीचं नेट मी तोडून टाकलंय. लिनक्सला एक्सपीच्या पार्टिशनमध्ये लिहिता येतं, म्हणून आलेला मजकूर सरळ तिथंच ठेवतो. उलट दिशेनं काही जात नाही. एक्सपीला आपणहून लिनक्सच्या फायली वाचता येत नाहीत. लिंबू अजून तिथंच आहे, पार वाळलेलं.