हॅकिंग लॅब

हॅकिंग लॅब म्हणजे मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या संगणकांवर, मालकाच्या परवानगीने, घुसखोरीचा सराव करण्याची बंदिस्त जागा. बडोद्यातल्या मराठी घरांत ही कल्पना पटवायला दांडिया बाजारातले जुम्मादादा व्यायाममंदिर पुरते : डाव तोच, पण मातीत टाकला तर कुस्ती, रस्त्यात टाकला तर मारामारी.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरले की नुकसानभरपाई मागता येते. हेच लबाडीच्या हेतूने केले तर कलम ६६ लागते : ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘नुसते बघत होतो’ हे उत्तर कलम ४३पुढे चालत नाही.

घरच्या लॅबला एक बऱ्यापैकी लॅपटॉप पुरतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकात दुसरे संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन आभासी यंत्रे बसवतात : हल्ल्यासाठी काली लिनक्स (२०१३पासून), ही हॅकिंगची साधने भरलेली प्रणाली, आणि मार खायला मेटास्प्लॉइटेबल २, हे मुद्दाम कच्चे ठेवलेले यंत्र. या दुसऱ्यात व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइल-सर्व्हर आहे. २०११मध्ये त्याच्या अधिकृत डाउनलोडमध्येच कोणीतरी चोरदार (बॅकडोअर) बसवले होते. युजरनेमच्या शेवटी अपूर्णविराम आणि कंस, म्हणजे हसऱ्या चेहऱ्याची खूण टाकली की ६२०० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे यंत्रात शिरायचे दार, उघडते आणि समोर थेट रूट शेल, म्हणजे यंत्राचा पूर्ण ताबा. नवख्याचा पहिला विजय बहुधा हाच, आणि तो फार सोपा असल्याने थोडा फसवाही.

खरी चूक होते ती नेटवर्कच्या सेटिंगमध्ये. दोन्ही यंत्रे ‘होस्ट-ओन्ली’वर, म्हणजे फक्त लॅपटॉपच्या आतल्या नेटवर्कवर, ठेवावीत, तिथले पत्ते सहसा १९२.१६८.५६ने सुरू होतात. ‘ब्रिज्ड’, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला थेट जोडणारे सेटिंग, निवडले की फतेगंजमधल्या पीजीच्या वाय-फायवर ते भोकाभोकांचे यंत्र सगळ्यांना खुले. उलट, कालीला इंटरनेटही जोडलेले असेल आणि पत्त्याच्या तिसऱ्या आकड्यात ५६ऐवजी १ टाइप झाला, तर स्कॅन, म्हणजे उघडी पोर्टे शोधणारी तपासणी, घरमालकाच्या राउटरवरही जाऊ शकतो. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी पत्ता मोठ्याने वाचावा. हल्ल्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेतला की मोडलेले यंत्र मिनिटभरात पूर्ववत होते.

वेबसाइट फोडण्याच्या सरावासाठी ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेचे ज्यूस शॉप हे खोटे रसाचे दुकान आहे. त्याचे गुणफलकाचे पानही लपवलेले. ते शोधणे हाच सुरुवातीचा धडा. ट्रायहॅकमी आणि हॅक द बॉक्स या सरावाच्या संकेतस्थळांवर नेमून दिलेली यंत्रेच फोडायची, ती पुरवणारा सर्व्हर नव्हे. स्कॅनमी.एनमॅप.ऑर्ग हा सर्व्हर एनमॅप या स्कॅन करायच्या साधनाच्या कर्त्यांनी सरावासाठी खुला ठेवला आहे, पण दिवसातून थोड्याच स्कॅनपुरता. पासवर्ड फोडायचा प्रयोग तिथे चालत नाही.