तत्त्वज्ञानाचे सर, नाशिकची पोरं आणि तासिका तत्त्व

नाशकात बीएच्या अॅडमिशन सुरू झाल्या की एक विषय हमखास निघतो. अमक्या कॉलेजात फिलॉसॉफी स्पेशल, म्हणजे मुख्य विषय म्हणून, बंद झालं, तमक्या ठिकाणी सर रिटायर झाले आणि जागा भरलीच नाही, आणि मग जुने विद्यार्थी लिहायला लागतात की सरांनी आम्हाला घडवलं. घडवलं म्हणजे नेमकं काय केलं, ते मात्र कोणी सांगत नाही. आणि ते कळल्याशिवाय ती जागा रिकामी राहिल्याने काय गेलं हेही कळत नाही, म्हणून हे थोडं मागचं.

सॉक्रेटिसपासून सुरुवात करत नाही, तो सगळ्यांना माहितेय. त्र्यंबकच्या गौतम ऋषींपासून पण नाही. ब्रह्मगिरीवाले गौतम आणि न्यायसूत्रं हा तर्कशास्त्राचा जुना ग्रंथ लिहिणारे अक्षपाद गौतम एकच असं आपल्याकडे भाषणात बिनधास्त ठोकून देतात, त्याला नावाच्या सारखेपणापलीकडे आधार कोणी दाखवत नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

आपल्याकडे कॉलेजातला तत्त्वज्ञानाचा मास्तर हा प्रकार इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पुण्यात डेक्कन कॉलेजला सेल्बी नावाचे इंग्रज प्राध्यापक लॉजिक आणि नीतिशास्त्र शिकवायचे, त्याच कॉलेजात आगरकर शिकले, मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून बाहेर पडले आणि पुढे स्वतः फर्ग्युसनला शिकवायला उभे राहिले. १८८८ ला सुधारक नावाचं पत्र काढलं, १८९५ ला गेले तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. एमए झालेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरीत चांगला पगार मिळत होता आणि तो सोडून हे शिकवायला बसले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं म्हणून पुढे जातो. फक्त एक धागा लक्षात ठेवा, की १९९० ला विदर्भातल्या तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी, दि. य. देशपांड्यांनी, मासिक काढलं तेव्हा नाव ठेवलं नवा सुधारक, जे पुढे आजचा सुधारक झालं. म्हणजे शंभर वर्षांनी पण मास्तर आगरकरांचंच दार वाजवत होते.

नाशिकचा या गोष्टीशी खरा संबंध येतो तो वेगळ्याच वाटेने, आणि तो फार कमी सांगितला जातो. बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे तत्त्वज्ञान शिकवायला जॉन ड्युई होते. अनुभव, चौकशी, लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे तर एकत्र जगण्याची रीत, हे ड्युईंचे मुद्दे. ते ऐकलेला विद्यार्थी २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू करतो आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला सांगतो की हिंदू म्हणून मरणार नाही. पुढच्याच वर्षी जातिप्रथेवरच्या भाषणाचं पुस्तक छापलं त्यात ड्युईंचा उल्लेख माझे शिक्षक, ज्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे, असा येतो. १९५२ ला बाबासाहेब परत न्यूयॉर्कला निघाले तेव्हा नेमके ड्युई वारले, तर घरी पत्रात लिहिलं की माझ्या सगळ्या बौद्धिक आयुष्याचं श्रेय त्यांना आहे.

आता यावरून काळाराम सत्याग्रह ड्युईंमुळे झाला असं कोणी म्हणायला लागलं तर त्याला हात जोडावेत. अस्पृश्यता कोलंबियात शिकावी लागत नाही, ती साताऱ्याच्या शाळेतच भोगून झाली होती. आणि सत्याग्रह नाशकात चालवला तो दादासाहेब गायकवाडांसारख्या इथल्याच माणसांनी, त्यांनी कुठला ड्युई वाचला होता. शिक्षकाने ध्येय दिलं नाही, ध्येय आधीचंच होतं. ते जगासमोर मांडायचं कसं, समोरच्याच्या युक्तिवादातलं कुठलं पाऊल चुकीचं आहे ते दाखवायचं कसं, हे दिलं. माझ्या मते तत्त्वज्ञानाचा शिक्षक एवढंच करू शकतो, आणि हे काही थोडं नाही.

नाशकात पहिलं कॉलेज आलं १९२४ ला. तोवर इथल्या पोराला मॅट्रिकनंतर पुणं किंवा मुंबई. गंमत म्हणजे त्याच्याही आधी, १९१६ ला, अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढलेलं होतं, म्हणजे खानदेशात फक्त तत्त्वज्ञानासाठी संस्था आणि नाशकात साधं कॉलेज नाही. साने गुरुजी त्या मंदिरात काही काळ होते, मग बाजूच्याच हायस्कुलात मुलांना शिकवायला गेले आणि पुढचं सगळं त्या शाळेतून आणि छात्रालयातून घडलं. यावरून तत्त्वज्ञानाच्या संस्थेबद्दल काय समजायचं ते ज्याचं त्याने समजावं.

तेव्हा इंटर आर्ट्सला लॉजिक असायचं, त्यामुळे पुढे वकील, मामलेदार, संपादक काहीही होणारा पोरगा एकदा तरी या मास्तरांच्या हाताखालून जायचा. १९४९ ला पुणे विद्यापीठ झालं आणि नाशिक मुंबईकडून तिकडे गेलं. साठच्या दशकाच्या शेवटी गंगापूर रोडला बहुजन समाजाच्या संस्थेचं मोठं कॉलेज उभं राहिलं, मग निफाड, दिंडोरी, सिन्नर, पेठ, सुरगाण्याची पोरं एसटीने यायला लागली आणि वर्ग मराठीत बोलायला लागला. मराठीत शिकवायचं तर हाताशी काय, तर १९७४ ला वाडेकरांच्या संपादनाखाली तत्त्वज्ञान महाकोश निघाला, तीन खंड, तो आमच्या सरांच्या टेबलावर कायम उघडाच असायचा. १९७५ च्या सुमाराला दहा अधिक दोन अधिक तीन आलं आणि लॉजिक अकरावी-बारावीत गेलं, तिथे ते स्कोअरिंग सब्जेक्ट झालं. ट्रुथ टेबल पाठ केलं की मार्क. सीनिअर कॉलेजला मग ज्याला सायकॉलॉजी मिळालं नाही तो फिलॉसॉफीला यायचा, हे पण खरंय.

मला माहीत असलेला काळ हा नव्वदीचा. जी-वन, जी-टू हे जनरलचे आणि एस-वन, एस-टू हे स्पेशलचे पेपर, स्पेशलला पोरं मोजकीच, आणि खोली तीच जिला दुपारी ऊन यायचं. एस-टूला भारतीय दर्शनं होती आणि चार्वाक आला, वेद आणि परलोक न मानणारा. चार्वाकाचा एक युक्तिवाद माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात दिलाय, की इथे घातलेलं श्राद्धाचं अन्न मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची, घरीच कोणाला तरी जेवू घाला, त्याला तिकडे पोचेल. आता हे कुठे शिकवतोय, तर रामकुंडापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर. वर्गात एक पोरगा पंचवटीतला, घरी पिढ्यान्‌पिढ्या पिंडदानाची यजमानकृत्यं. दुसरा असा की ज्याचे आजोबा काळारामच्या सत्याग्रहात होते. सरांनी काय करावं, पंचवटीवाल्याला सांगितलं की तू चार्वाकाची बाजू मांड, आणि दुसऱ्याला सांगितलं तू श्राद्ध घालणाऱ्याची. दोघंही चिडले. पण नियम असा होता की समोरच्याची बाजू अशी मांडायची की त्याने स्वतः म्हणावं हो, मला हेच म्हणायचंय, तोवर स्वतःचं मत सांगायचं नाही. पंचवटीवाला दोन तासिका नुसताच अडखळत होता, तिसऱ्या वेळी त्याने असा चार्वाक मांडला की वर्ग गप. दुसऱ्याने श्राद्धाबद्दल जे सांगितलं ते तर कोणाला अपेक्षितच नव्हतं, की माणूस गेल्यावर घरच्यांना करायला काहीतरी लागतं, त्यात ते अन्न पोचतं की नाही हा मुद्दाच नसतो. सर खिडकीपाशी उभे, खडू हातात, एक शब्द बोलले नाहीत.

पंचवटीवाला आजही यजमानकृत्यंच करतो. त्याने काही घर सोडलं नाही की धर्म सोडला नाही. पण कुठलं कृत्य कशासाठी आणि कशाची गरज नाही हे तो लोकांना स्पष्ट सांगतो, आणि त्यावरून त्याचं घरात वाजलंय. दुसरा तलाठी झाला, त्याला तेच व्हायचं होतं. आयुष्य बदललं म्हणजे लोकांना वाटतं कोणीतरी नोकरी सोडून हिमालयात गेला, तसलं आमच्या बॅचला तरी काही झालं नाही. उलटं झालेलंही पाहिलंय. एक जण सरांचा इतका भक्त झाला की त्यांच्यासारखाच चष्मा, त्यांच्यासारखंच थांबून थांबून बोलणं, आणि स्वतःचं मत शून्य. तेही शिक्षकाच्या प्रभावातच मोजायला पाहिजे.

मुद्दा असा की हे सगळं झालं ते लेक्चर संपल्यावर. ट्युटोरिअलच्या वहीत सर लाल पेनने समासात फक्त 'का?' लिहायचे आणि मग त्या 'का'चं उत्तर द्यायला पोरं स्टाफरूमच्या दारात, नाहीतर कॉलेज रोडच्या टपरीवर. सर कॉलेजात दिवसभर असायचे म्हणून हे जमायचं.

आणि इथेच सरकारचा तो निर्णय येतो ज्यावरून अजून भांडणं होतात, तास मोजून जागा ठरवायचा. अनुदानित कॉलेजात पगार सरकार देतं, त्यामुळे जागा किती हे सरकार ठरवतं, आणि जागा ठरते वर्कलोडवर. यूजीसीच्या हिशेबात सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं हवं. स्पेशलला पोरं कमी झाली की विषय बंद, विषय बंद की तास कमी, तास कमी की सर रिटायर झाल्यावर ती जागा गेलीच. त्यात २००१ पासून नवीन कॉलेजं कायम विनाअनुदानित, २०१७ ला राज्यात पदभरतीच थांबली, २०१८ च्या नोव्हेंबरात रिक्त पदांपैकी ४० टक्के भरायला परवानगी आली. ते ४० टक्के कुठल्या विषयाला द्यायचे हे ठरवताना फिलॉसॉफी कुठे असणार. मधली पोकळी भरली तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी, म्हणजे सीएचबी, क्लॉक अवर बेसिस. जेवढे तास घेतले तेवढे पैसे, तेही कधी वर्षाच्या शेवटी एकदम, सुट्टीचे नाहीत, मे महिन्याचे नाहीत.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही, ती पण मांडतो, नियमच तसा आहे ना. वर्गात सहा-सात पोरं आणि त्यासाठी पूर्ण पगाराची जागा, हा पैसा शेवटी लोकांचाच. तेवढ्यात कॉम्प्युटरचे दोन वर्ग चालतात. आणि सगळे कायमचे प्राध्यापक काही टपरीवर 'का' विचारत बसत नव्हते, पिवळ्या पडलेल्या नोट्स डिक्टेट करून साडेबाराला घरी जाणारे पण होतेच, त्यांची जागा गेली म्हणून कोणाचं काय बिघडलं.

तरी मला तो हिशेबच चुकीचा वाटतो. कारण त्यात फक्त तास मोजलेत, आणि या विषयात काम तासाबाहेर होतं. सीएचबीवाली मॅडम सकाळी आठला एका कॉलेजात, साडेदहाला सिन्नर फाट्याच्या पुढे दुसऱ्या कॉलेजात, दुपारी कुठेतरी क्लास, अॅक्टिव्हावर डबा अडकवलेला. ती शिकवायला वाईट नाहीये, बऱ्याचदा आमच्या सरांपेक्षा जास्त वाचलेली, नेट-सेट झालेली, पीएचडी. पण पोराला चौथ्या दिवशी शंका आली तर ती असते कुठे? त्या पोराला तोवर फोनवर कोणीतरी तीस सेकंदात जगाचं उत्तर दिलेलं असतं. मुक्त विद्यापीठ १९८९ ला आपल्याच नाशकात आलं, त्याने कामावरच्या माणसाला, लग्न झालेल्या बाईला डिग्रीपर्यंत नेलं, हे फार मोठं काम आहे आणि त्याला नावं ठेवायची नाहीत. पण पोस्टाने पुस्तक येतं, समासातला 'का' येत नाही. नियमित कॉलेजाचीही आता तीच गत झाली तर दोन्हीत फरक काय राहिला, हा प्रश्न २०२० ला लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन लेक्चरं झाली तेव्हा तर सगळ्यांनाच पडला.

दरम्यान विषय मागच्या दाराने परत आला, तो स्पर्धा परीक्षेतून. यूपीएससीने २०१३ ला मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० मार्कांचा पेपर आणला, शिवाय फिलॉसॉफी ऑप्शनलचा सिलॅबस छोटा म्हणून ते घेणारे आधीपासून होतेच. एमपीएससीनेही २०२५ पासून वर्णनात्मक पॅटर्न धरला, आधी २०२३ पासूनच आणणार होते, पोरं रस्त्यावर उतरली म्हणून पुढे गेला. त्यामुळे जी मॅडम कॉलेजात सीएचबीवर आहे तिलाच संध्याकाळी क्लासवाले कान्ट आणि मिल शिकवायला बोलावतात, तिथे वर्ग भरलेला असतो. तिथे कान्ट केस स्टडीपुरता, दहा मार्काचं उत्तर दीडशे शब्दांत. पण कधीकधी एखादा पोरगा क्लास सुटल्यावर मागे थांबतो आणि विचारतो की मॅडम, पेपरात लिहायचं ते राहू द्या, पण वरिष्ठाने खरंच चुकीची सही करायला सांगितली तर करायचं काय. हा ध्येयाचाच प्रश्न आहे, साहेब व्हायचंय ते कशासाठी, आणि तो पोराने स्वतः विचारलाय.

आता नवं शैक्षणिक धोरण. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला ते लागू झालं, त्यात भारतीय ज्ञान प्रणालीला २ क्रेडिट आणि मूल्यशिक्षणाला वेगळे २. फिलॉसॉफीवाल्यांना वाटलं आपले दिवस आले, हा तर आपलाच माल. प्रत्यक्षात ते कोणी शिकवायचं हे कॉलेजावर आहे, आणि मला जिथे जिथे विचारता आलं तिथे उत्तर एकच मिळालं, की ज्या कायमच्या माणसाचे तास कमी पडतायत त्याच्या टाइमटेबलात ते टाकलेत. एका ठिकाणी कॉमर्सचे सर चार्वाक शिकवतायत. त्यांनी मला फोन करून विचारलं की तो शिदोरीवाला श्लोक कुठे सापडेल, आणि पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी परत फोन, की पोरं विचारतायत हा माणूस मग श्राद्धाच्या दिवशी घरी काय करत असेल.