वृद्धाश्रमात प्रवेश घेताना औषधांची फाईल: पात्रता, कागदपत्रं आणि गोळी नेमकी कोण देणार

नाशिकमध्ये आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर शोधताना आपण खोली, जेवण, महिन्याचा खर्च बारकाईने विचारतो. औषधांचा विषय बहुतेक वेळा सामान उतरवताना निघतो. गोळ्यांची पिशवी तिथल्या मावशींच्या हातात जाते, "सकाळी ही पांढरी, रात्री ती छोटी" असं सांगितलं जातं आणि घरचे निघतात. माझं म्हणणं एवढंच, की तोंडी सांगितलेलं औषध तिथे चालू होताच कामा नये. जे लिहून दिलंय तेच द्यायचं.

आधी प्रवेशाचं. शासन अनुदानित वृद्धाश्रमासाठी पुरुषांचं वय ६० आणि स्त्रियांचं ५५ पूर्ण लागतं, शिवाय संसर्गजन्य आजार नसल्याचा वैद्यकीय दाखला. सोबत आधार कार्ड, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, आणि अडीअडचणीला धावून येईल अशा नातेवाइकाचं नाव-नंबर तयार ठेवा. योजनेची चौकशी नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात, समाजकल्याण कार्यालयात करता येते. खाजगी ठिकाणी वयाची आणि कागदांची अट संस्थेची असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेतात की नाही, हे पहिल्याच फोनवर विचारा.

रुग्णाला नर्सिंगची गरज असेल, म्हणजे इंजेक्शन, नळी, जखमेचं ड्रेसिंग, तर नुसता वृद्धाश्रम पुरत नाही. अशा ठिकाणी नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का ते पाहा. शहराच्या हद्दीत ती महापालिका देते. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच नको.

आता मावशी, मामा, केअरटेकर यांच्याबद्दल. त्यांच्यातल्या काहींकडे जनरल ड्युटी असिस्टंटचं प्रमाणपत्र असतं, बरेच जण कामातूनच शिकलेले असतात. अंघोळ, खाणंपिणं, उठवणं-बसवणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण हे प्रमाणपत्र म्हणजे नर्सची नोंदणी नव्हे. एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या सिस्टरची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. इन्सुलिन किंवा कुठलंही इंजेक्शन, सलाईन, नाकातल्या नळीतून औषध ही कामं सिस्टरची. डॉक्टरांनी लिहिलेली, सिस्टरने वेगळी काढून ठेवलेली तोंडावाटे घ्यायची गोळी मावशींनी द्यावी, गिळेपर्यंत समोर थांबावं आणि वहीत लिहावं. डोस कमी-जास्त करणं त्यांचं काम नाही, आणि आपण फोनवरून तसं सांगणंही बरोबर नाही. "आज बीपीची अर्धीच द्या" हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं.

फाईलमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे डॉक्टरांची ताजी चिठ्ठी. औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव, सुवाच्य, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असं २०१६ सालापासून डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे, तेव्हा हक्काने मागा. जेनेरिक नाव का हवं? एका महिन्यात मेडिकलमधून एका कंपनीची स्ट्रिप येते, पुढच्या महिन्यात जनऔषधी केंद्रातून त्याच औषधाची दुसरी. मावशींना ती दोन वेगळी औषधं वाटतात आणि दोन्ही दिली जातात. नवी स्ट्रिप आली की जुनी परत घेऊन जा.

चिठ्ठीवरून मराठीत तक्ता करून घ्या आणि त्यावर सिस्टर किंवा डॉक्टरांची सही घ्या. नुसतं १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) पुरत नाही. जेवणाआधी की नंतर, कशासाठी, कधीपर्यंत, हेही हवं. काही औषधांपुढे ठळक लिहावंच लागतं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. संधिवाताला दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. ते चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार लिहा, आणि ती स्ट्रिप रोजच्या डब्यात ठेवूच नका. नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटायची नाही. गिळता येत नाही म्हणून वरणात कालवून देण्याची पद्धत दिसते. तशी गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळायला त्रास होत असेल तर डॉक्टरांकडून पर्याय लिहून आणा.

उपवासाचं विसरू नका. एकादशी-चतुर्थी धरणाऱ्या आजींनी काही खाल्लं नाही आणि ग्लिमेपिराइडसारखी शुगरची गोळी मात्र वेळेवर दिली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उपवासाच्या दिवशी काय करायचं आणि जेवण टाळलं तर काय, या दोन ओळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

याशिवाय कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, शेवटचे रक्त तपासणीचे रिपोर्ट, घरून चालू असलेले काढे-चूर्ण, आणि "लागल्यास द्यावी" अशा गोळीसाठी दिवसात जास्तीत जास्त किती, हेही फाईलमध्ये असू द्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं असतं. फ्रीज कुठे आहे तो स्वतः बघा.

गोळ्या सुपूर्द करताना मोजून, स्ट्रिपवरची मुदत पाहून, वहीत दोघांच्या सह्या घ्या. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच द्या, सुट्या पुडीत नको. दवाखान्यातून परत आल्यावर जुना तक्ता फाडून नवा लावायला सांगा. बंद झालेलं औषध जुन्या तक्त्यामुळे चालूच राहतं.

भेटीला गेलात की वही मागा. रकाने एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेले दिसले तर व्यवस्थापकांशी बोला. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. वहीत लिहायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. आणि चूक सांगणाऱ्या मावशींवर ओरडू नका, नाहीतर पुढची चूक तुमच्या कानावर येणार नाही.

औषधाने त्रास झाल्याची शंका असेल तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर सामान्य माणसालाही कळवता येतं. ज्येष्ठांची हेळसांड होत असेल तर एल्डरलाइन १४५६७. माणूस शुद्धीवर नसेल, श्वास लागला असेल तर आधी १०८, आणि सोबत औषधांचा तक्ता द्या.